डिलीट न होणारी फाइल विंडोजमधून कशी काढावी

फाइल निवडून डिलीटची कळ दाबल्यावर ती नाहीशी होण्याऐवजी पडद्यावर एक चौकट उघडते, आणि बहुतेक जण त्या चौकटीतला मजकूर न वाचताच ‘ट्राय अगेन’ दाबत राहतात. वास्तविक फाइल का हटत नाही याचा निम्मा उलगडा त्याच मजकुरात झालेला असतो. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, ती हटवण्याची परवानगी नाही, ती सापडतच नाही किंवा तिचा पत्ता फार लांब आहे, ही चार निरनिराळी दुखणी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. चौकटीत नुसताच एरर क्रमांक आला असेल आणि त्याचा शेवट ८००७००२० असा असेल, तर फाइल कोणीतरी वापरत आहे. शेवट ८००७०००५ असा असेल, तर प्रश्न परवानगीचा आहे.

सर्वाधिक वेळा आढळते ते पहिले कारण. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा, आपले काम चालू असेपर्यंत इतरांना ती वाचता, बदलता किंवा हटवता यावी की नाही, हे तोच ठरवून टाकतो, आणि हटवण्याची मुभा त्याने दिलेली नसेल तर विंडोज आपली विनंती नाकारते. लिनक्स आणि मॅकवर अशी उघडी फाइलसुद्धा सहसा हटवता येते. तिचे नाव फोल्डरमधून लगेच जाते आणि तिने व्यापलेली जागा मात्र तो प्रोग्रॅम बंद झाल्यावर मोकळी होते. त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला विंडोजचा हा हट्ट विचित्र वाटतो.

प्रोग्रॅमचे नाव चौकटीत दिलेले असेल, तर तो नेहमीच्या पद्धतीने, काम सेव्ह करून, बंद करावा. तरीही फाइल हलत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, कारण खिडकी मिटली तरी प्रोग्रॅम पडद्यामागे चालू राहिलेला असू शकतो. वर्ड मध्येच बंद पडले की हा प्रकार हमखास दिसतो: मूळ दस्तऐवजाशेजारी ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी वर्ड तो दस्तऐवज ‘दुसऱ्या कोणीतरी उघडला आहे’ असे सांगू लागते. टास्क मॅनेजरमध्ये वर्ड कुठेही चालू नाही आणि तो दस्तऐवज दुसऱ्या संगणकावरही कोणी उघडलेला नाही याची खात्री करून ही छोटी फाइल खुशाल काढून टाकावी.

कधीकधी फाइल अडवून धरणारा प्रोग्रॅम म्हणजे खुद्द फाइल एक्सप्लोररच असतो. उजवीकडचे प्रीव्ह्यू पेन चालू असेल, तर नुसती निवडलेली पीडीएफ किंवा व्हिडिओदेखील उघडी धरली जाते आणि आपण तीच निवडून हटवायला जातो. ऑल्ट आणि पी दाबून ते पेन बंद करावे. तेवढ्याने भागले नाही तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’वर उजवी क्लिक करून ‘रिस्टार्ट’ निवडावे. वनड्राइव्हसारखी सिंक सेवा किंवा अँटिव्हायरस नुकत्याच आलेल्या मोठ्या फाइलवर काम करत असेल, तर काही मिनिटे थांबणे हाच उपाय आहे.

चौकटीत प्रोग्रॅमचे नाव नसेल, तर तो शोधून काढावा लागतो. यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच मोफत पॉवरटॉइज संचातील ‘फाइल लॉकस्मिथ’ मला सर्वांत सोयीचे वाटते. संच बसवल्यावर फाइलवर उजवी क्लिक करून तो पर्याय निवडला की फाइल किंवा संपूर्ण फोल्डर धरून बसलेल्या प्रक्रियांची यादी समोर येते आणि तिथूनच त्या बंद करता येतात. यादी रिकामी आली तर ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा चालवावे. काहीच बसवायचे नसेल, तर स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधून त्यातील सीपीयू टॅबवर ‘असोसिएटेड हँडल्स’ या शोधपेटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाकावा. मायक्रोसॉफ्टच्याच ‘प्रोसेस एक्सप्लोरर’मध्ये याच्याही पुढे जाऊन प्रोग्रॅम चालू ठेवून केवळ त्याची त्या फाइलवरची पकड तोडण्याची सोय आहे. ही सोय दिसायला आकर्षक असली तरी टाळावी, कारण पकड तुटल्याचे त्या प्रोग्रॅमला कळत नाही. सुटलेला हँडल क्रमांक, म्हणजे उघड्या फाइलसाठी विंडोजने प्रोग्रॅमला दिलेला ओळख क्रमांक, पुढे दुसऱ्याच फाइलला मिळू शकतो आणि प्रोग्रॅम आपला मजकूर तिच्यात लिहून मोकळा होतो.

एवढे करूनही दोषी सापडत नसेल, तर संगणक पुन्हा सुरू करावा, पण ‘शट डाउन’ करून नव्हे, ‘रिस्टार्ट’ करून. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउनच्या वेळी प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि चालू केल्यावर तोच परत उचलला जातो, रिस्टार्टमध्ये मात्र सर्व नव्याने सुरू होते. रिस्टार्टनंतर लगेच, दुसरे काही उघडण्याआधी, फाइल हटवून पाहावी. विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारी एखादी सेवाच ती धरत असेल, तर सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह विंडोज सुरू होते त्या अवस्थेत, जावे लागेल: शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करावे, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या क्रमाने पुढे जाऊन पुन्हा रिस्टार्ट करावे आणि यादी आली की ४ दाबावे. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर या वाटेवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसताना हा प्रयोग करू नये.

परवानगीचा अडथळा बहुधा जुन्या संगणकातून काढून नव्याला जोडलेल्या हार्ड डिस्कवर येतो. तिथल्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ उघडले, की ‘ओनर’समोर माणसाच्या नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो. तो जुन्या संगणकावरच्या खात्याचा असतो आणि नव्या विंडोजला त्या खात्याची ओळख नसते. ‘चेंज’ दाबून तिथे आपल्या खात्याचे नाव लिहावे, ‘चेक नेम्स’ने ते पडताळावे, आतील सर्व फाइलींनाही मालकी लागू करण्याच्या चौकोनावर खूण करावी आणि सगळ्या चौकटी बंद करून पुन्हा उघडल्यावर स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्यावा. मालक म्हणून ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ दिसत असेल, तर मात्र तिथेच थांबावे, कारण ती विंडोजची स्वतःची फाइल आहे. कार्यालयाच्या संगणकावर मालकी बदलण्याच्या फंदात न पडता संगणक विभागाला कळवावे.

नावाचे आणि पत्त्याचे दुखणे मराठी माणसाने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा संपूर्ण पत्ता २६० वर्णांच्या मर्यादेत बसावा, ही विंडोजची जुनी अट फाइल एक्सप्लोरर अजूनही पाळतो आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त असे प्रत्येक चिन्ह स्वतंत्र धरले जाते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसत असला तरी या मोजणीत तो दहा वर्णांचा भरतो. म्हणून देवनागरीत लांबलचक नावे दिलेली, एकात एक दडवलेली फोल्डरे ही मर्यादा लवकर ओलांडतात. वरच्या फोल्डरांची नावे ‘१’, ‘२’ अशी छोटी केली की पत्ता आखडतो आणि फाइल निमूटपणे हटते.

नावाच्या शेवटी रिकामी जागा किंवा टिंब राहिले असेल, तर फाइल समोर दिसत असूनही विंडोज ती सापडत नाही म्हणते. आधी एफ५ दाबून फोल्डर ताजे करावे, कारण फाइल कधीकधी खरोखरच गेलेली असते. तरीही ती तिथेच असेल तर सेव्हन-झिप या फाइली झिप करण्याच्या मोफत प्रोग्रॅमच्या फाइल मॅनेजरमधून हटवून पाहावी, किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) डिलीटच्या del या आज्ञेपुढे अवतरणचिन्हांत पूर्ण पत्ता लिहून त्याच्या अगदी सुरुवातीला \\?\ ही चिन्हे जोडावीत. त्यामुळे विंडोज नाव आपल्या मनाने न छाटता जसेच्या तसे घेते.

जागा मोकळी करण्याच्या भरात ‘विंडोज डॉट ओल्ड’ या आधीच्या विंडोजच्या फाइली ठेवलेल्या फोल्डरशी झटापट करणारे अनेक असतात. ते ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’, ‘स्टोरेज’ आणि ‘टेम्पररी फाइल्स’ येथून आधीच्या विंडोजच्या नोंदीवर खूण करून काढायचे असते. ‘हायबरफिल’ ही काही जीबींची फाइल हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय) बंद केले की आपोआप जाते. ‘कोणतीही फाइल अनलॉक करा’ अशी जाहिरात करणारे अनोळखी प्रोग्रॅम मात्र घेऊच नयेत. फुकटच्या अशा साधनांबरोबर जाहिरातींचे नको ते सामान संगणकात शिरते.

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावरची फाइल हटत नसेल, तर परवानग्या तपासण्यात वेळ घालवू नये, कारण एफएटी३२ आणि एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या साधनांवर त्या नसतातच. कार्डाच्या कडेची लहानशी सरकपट्टी लॉकच्या बाजूला आहे का ते पाहावे. ती नीट असेल, तर महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी आणि मग ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’, ‘चेक’ या मार्गाने दोष तपासावेत. तपासणीनंतरही लिहिता-पुसता येत नसेल, तर ते साधन वापरातून काढून टाकावे.