सिंटॅक्स बदलायच्या चर्चेला बसण्याआधी

प्रोग्रॅमिंग भाषेचा सिंटॅक्स, म्हणजे तिच्यात कोड लिहायचे नियम, बदलायचे असतील तर सगळ्यात आधी जुना कोड गोळा करा. नवं चिन्ह किंवा नवा कीवर्ड (भाषेने स्वतःसाठी राखलेला शब्द) कितीही सुचलेला असला तरी तो थोडा वेळ बाजूला ठेवा आणि चालू प्रकल्पांमधून वीस-तीस जागा काढा, जिथे आजचा सिंटॅक्स खरोखर त्रास देतो. प्रत्येक जागा प्रस्तावित पद्धतीने पुन्हा लिहून शेजारी ठेवा. ज्या जागा बदलानंतर वाचायला अवघड झाल्या त्यांनाही याच कागदावर ठेवा, कारण चर्चेत कुणीतरी त्या काढणारच. स्वतः रचलेली पाच ओळींची उदाहरणं आणू नका. ती नेहमी रचणाऱ्याच्या बाजूने बोलतात.

मग मोडतोड मोजा. नवा कीवर्ड म्हणजे कुणाच्या तरी व्हेरिएबलचं नाव हिरावून घेणं, हे विसरता कामा नये. पायथन भाषेने २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत 'असिंक' आणि 'अवेट' हे वाट पाहाव्या लागणाऱ्या कामांसाठीचे शब्द पूर्ण राखीव केले, आणि ज्या लायब्रऱ्यांमध्ये (इतरांनी वापरायच्या तयार कोडमध्ये) 'असिंक' नावाचं पॅरामीटर किंवा मॉड्यूल होतं त्या नव्या आवृत्तीत पार्ससुद्धा होईनात, म्हणजे भाषेला वाचताच येईनात. पुढे ३.१० मध्ये 'मॅच' आणताना ही चूक टाळली. मजकुरात नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या मॉड्यूलमध्ये त्याच नावाचं फंक्शन सगळ्या जगाच्या कोडमध्ये होतं, म्हणून 'मॅच' संदर्भापुरताच कीवर्ड ठेवला. ते सोपं झालं, कारण आदल्याच आवृत्तीत पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, बदलून ठेवला होता. तेव्हा पार्सर सांभाळणाऱ्यांना चर्चेआधीच गाठा आणि विचारा: हे व्याकरणात बसतं का, आणि बसवलं तर पुढच्या कोणत्या वाटा बंद होतात? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

मोजणी अंदाजाने करू नका. रस्ट भाषेकडे क्रेटर नावाचं साधन आहे. नव्या कंपायलरवर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनावर) ते सार्वजनिक पॅकेजेस प्रत्यक्ष बिल्ड करतं, त्यांच्या टेस्टही चालवू शकतं, आणि काय मोडलं ते दाखवतं. तुमच्या भाषेकडे असं काही नसेल तर सर्वाधिक वापरातल्या शंभर लायब्रऱ्या घ्या, एक स्क्रिप्ट लिहा आणि रात्रभर चालू द्या. सकाळी हातात आलेला आकडा चर्चेतले निम्मे वाद मिटवतो.

आता स्थलांतर, म्हणजे जुना कोड नव्या आवृत्तीवर नेणं. या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं, आणि २ च्या मालिकेतला कोड त्यात जसाच्या तसा चालेना. जुन्या २.७ चा आधार २०१५ मध्ये काढून घ्यायचं ठरलं होतं, तो अखेर २०२० पर्यंत वाढवावा लागला. 'प्रिंट'ला कंस लावणं यंत्राकडून होऊन जाई. खरी दमछाक झाली ती मजकूर आणि बाइट्स वेगळे करताना. त्यातही स्ट्रिंगच्या आधी 'यू' लिहायची सोय ३.० मध्ये काढून टाकली होती, ती २०१२ मध्ये ३.३ ने परत आणली, कारण लायब्ररी सांभाळणाऱ्यांना एकच फाइल दोन्हीकडे चालवायची होती. म्हणून प्रस्तावात हा प्रश्न ठळक लिहा: एकच फाइल जुन्या आणि नव्या आवृत्तीत चालेल का? उत्तर 'नाही' असेल तर दोन्ही तऱ्हेचा कोड शेजारी शेजारी कसा नांदेल ते सांगा. रस्टमध्ये प्रत्येक पॅकेज आपली 'एडिशन' स्वतः निवडतं आणि वेगवेगळ्या एडिशनची पॅकेजेस एकाच प्रोग्रॅममध्ये जोडता येतात. गो भाषेने १.२२ मध्ये लूपमधल्या व्हेरिएबलचा अर्थ बदलला, तोही मॉड्यूलच्या फाइलीत १.२२ किंवा पुढची आवृत्ती नोंदवणाऱ्यांपुरताच. जुन्या कोडला धक्का लागला नाही. आपोआप दुरुस्ती करणारं साधन देणार असाल, तर त्याचा कच्चा नमुना चर्चेआधी तयार हवा. 'नंतर लिहू' म्हटलेलं साधन वेळेवर झालेलं मी पाहिलेलं नाही.

चर्चेसाठी प्रस्तावाचे दोन भाग करा: अर्थ काय बदलतो, आणि तो लिहायचा कसा. पहिल्यावर एकमत होण्याआधी दुसरा उघडू नका, नाहीतर महिनाभर सगळे चिन्हावरच बोलत राहतात. रस्टमध्ये 'अवेट' हवा यावर फारसा वाद नव्हता. तो आधी लिहायचा की एक्स्प्रेशननंतर (मूल्य देणाऱ्या कोडच्या तुकड्यानंतर) टिंब देऊन, यावर प्रदीर्घ खल झाला. भाषेच्या गटाने दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून काढले, टिंबाची पद्धत निवडली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये १.३९ मधून ती बाहेर पडली. न पटलेल्यांनाही आपला मुद्दा त्या कागदावर दिसला पाहिजे, एवढी काळजी घ्याच.

अंतिम शब्द कुणाचा, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. पीएचपीमध्ये असे प्रस्ताव दोन तृतीयांश मतांनी ठरतात. पायथनमध्ये ते एका माणसाच्या खांद्यावर होतं. कोलन-बरोबर चिन्हाने एक्स्प्रेशनमध्येच असाइनमेंट करायच्या, म्हणजे व्हेरिएबलला मूल्य द्यायच्या, प्रस्तावावर इतकी कटुता आली की तो मंजूर केल्यावर पायथनचे जनक गिडो व्हान रोसम यांनी जुलै २०१८ मध्ये निर्णयाची जबाबदारी सोडली. त्यानंतर पाच जणांची समिती आली. भाषा सांभाळणारी माणसं थकतात. चर्चेला शेवटची तारीख द्या, आणि प्रस्ताव लिहिणाऱ्याला एकट्याने शंभर उत्तरं द्यावी लागणार नाहीत अशी सोबत द्या.

रिलीजचं म्हणाल तर तारीख ठरवा आणि ती कुठल्याही फीचरसाठी हलवू नका. रस्ट दर सहा आठवड्यांनी, जावा आणि गो दर सहा महिन्यांनी, पायथन दरवर्षी ऑक्टोबरात. हुकलं तर पुढची गाडी आहे, एवढा दिलासा असला की अर्धवट काम रेटून बसवायचा मोह होत नाही. ज्या बदलाबद्दल खात्री नाही तो प्रिव्ह्यू म्हणून, म्हणजे वापरून पाहण्यापुरता आणि पुढे बदलू शकेल असा, द्या. जावाचं स्विच एक्स्प्रेशन (अनेक पर्यायांतून मूल्य निवडायची रचना) १२ व्या आवृत्तीत 'ब्रेक'ने मूल्य परत करत होतं. लोकांनी वापरून तक्रार केली, १३ मध्ये 'यील्ड' आलं आणि १४ मध्ये ते पक्कं झालं. स्ट्रिंग टेम्प्लेट्स (मजकुरात मूल्यं भरायची सोय) तर २१ आणि २२ मध्ये प्रिव्ह्यू राहून २३ मध्ये मागे घेतली गेली, आणि ते योग्यच झालं.

मागे घेण्याची वाट आधीच बांधा: बदल चालू-बंद करता येणाऱ्या एका पर्यायामागे ठेवा, आणि बीटाच्या (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्तीच्या) आधी 'ठेवायचं की काढायचं' याची एक तारीख कॅलेंडरवर टाका. पायथन ३.१० मध्ये टाइप अ‍ॅनोटेशन्सचं (मूल्य कोणत्या प्रकारचं ते सांगणाऱ्या नोंदींचं) मूल्यमापन पुढे ढकलणं आपोआप लागू व्हायचं होतं. प्रोग्रॅम चालताना ती वाचणाऱ्या लायब्रऱ्यांनी अडचण मांडली आणि बीटा तोंडावर असताना, एप्रिल २०२१ मध्ये, तो बदल मागे घेतला गेला. काढता आला, कारण जुनं वागणं अजून शाबूत होतं.

कोडची मांडणी नीट करणारा फॉरमॅटर, एडिटरचं रंगांकन, दस्तऐवज यांची नावं आणि जबाबदार माणसं लिहून टाका. एरर मेसेजला मात्र वेळ द्या. नवा सिंटॅक्स जुन्या कंपायलरला दिला तर तो काय म्हणेल, ते प्रत्यक्ष चालवून पाहा. तिथे 'अनपेक्षित चिन्ह' एवढंच येत असेल, तर आधीच्या आवृत्तीच्या पुढच्या दुरुस्ती-रिलीजमध्ये नेमका संदेश घाला: हा सिंटॅक्स अमुक आवृत्तीपासून चालतो.

नामंजूर प्रस्तावांसाठीही एक फाइल उघडून ठेवा. एरर हाताळणीच्या सिंटॅक्सवर गोमध्ये २०१८, २०१९ आणि २०२४ मध्ये तीन मोठे प्रस्ताव आले. जून २०२५ मध्ये त्यांच्या गटाने कारणांसह लिहून जाहीर केलं की नजीकच्या काळात या विषयावर सिंटॅक्स बदलायचा नाही. तुमच्या फाइलीत कारणाशेजारी तारीख असू द्या, आणि कोणती परिस्थिती बदलली तर प्रस्ताव पुन्हा उघडायचा तेही.