कॅबसाठी पोलीस व्हेरिफिकेशन अडकलंय? या चुका टाळा

गाडी घेतली, हप्ता सुरू झाला, लायसन्स हातात आहे आणि अ‍ॅपवर मात्र तीन आठवडे ‘व्हेरिफिकेशन पेंडिंग’. ओला-उबरला गाडी लावायला निघालेल्या पोरांचं हे रडगाणं मी फॉर्म भरायच्या टेबलावर बसून रोज ऐकतो. यातल्या बहुतेकांनी जन्मात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नसते. अडकतात ते पत्त्यापायी, नावापायी, नाहीतर कधीकाळच्या एखाद्या किरकोळ केसपायी, जी संपली असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

पहिली चूक कागदाचीच. ‘पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काढून आण’ असं कुणीतरी सांगतं, पोरगं थेट पासपोर्टच्या साइटवर जातं आणि ५०० रुपये भरून येतं. ती पीसीसी परदेशी नोकरीला किंवा राहायला जाणाऱ्यांची. आपल्याला लागतं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्याचा अर्ज राज्य पोलिसांच्या पोर्टलवर भरायचा आणि तो तुमच्या राहत्या हद्दीतल्या पोलिसांकडे जातो. घरमालकाने भाडेकरू म्हणून तुमची माहिती ठाण्यात दिली असेल, तर त्या पावतीचा इथे उपयोग नाही. ती वेगळी नोंद आहे.

हद्द हा शब्द मी मुद्दाम वापरला. वाकड-हिंजवडीत राहणारा माणूस पत्ता विचारला की ‘पुणे’ म्हणतो आणि अर्जात पुणे शहर निवडतो. पण पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे आणि वाकड-हिंजवडी त्याच्याकडे. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरचंही तसंच, १ ऑक्टोबर २०२० पासून आयुक्तालय स्वतंत्र. चुकीच्या हद्दीत गेलेला अर्ज नुसता पडून राहतो आणि शेवटी परत येतो. म्हणून आधी जवळच्या चौकीत जाऊन ‘आमची सोसायटी कुठल्या ठाण्यात येते?’ एवढं विचारा. आधारवर बीडचा पत्ता आणि राहायला थेरगावात असाल, तर नोंदणीकृत भाडेकरार जोडा आणि दोन्ही पत्ते लिहा. गावचा पत्ता लपवला की संशय वाढतो, कारण पडताळणीला येणारे हवालदार आधी तेच विचारतात.

नावाचं दुखणं तर खास आपलंच. लायसन्सवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब. त्यात जाधवांचं इंग्रजी स्पेलिंग पश्चिम महाराष्ट्रात ‘व्ही’ने संपतं आणि विदर्भात बऱ्याचदा ‘ओ’ने. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी माणसं वाटतात. अर्ज भरण्याआधी आधार आणि लायसन्स एकसारखं करून घ्या. यात पंधरा दिवस गेले तरी चालतील.

आता खरा गुंता. अर्जात प्रश्न असतो, गुन्हा दाखल आहे का? आणि निम्मे लोक ‘नाही’वर टिक मारतात, कारण त्यांना खरंच वाटतं की नाही. शेजाऱ्याशी भांडण झालं आणि ठाण्यात एनसी नोंदली गेली, तर तो अदखलपात्र मामला, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्हा, ज्यात पोलीस स्वतःहून तपास करतात. गणपतीत किंवा निवडणुकीआधी बोलावून ‘शांतता राखीन’ असा बाँड लिहून घेतला असेल, तर ती चॅप्टर केस, प्रतिबंधक कारवाई. तिन्ही गोष्टी वेगळ्या, पण ठाण्याच्या दप्तरात तिन्ही दिसतात. जे आहे ते कलम आणि वर्षासकट लिहा. एनसीमुळे अर्ज अडकण्याची शक्यता कमी असते, पण एनसी लपवलीत हे दिसलं की तुमच्या बाकीच्या उत्तरांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात महागात पडतं ते ‘दंड भरून मोकळा झालो’ हे वाक्य. साधं ई-चलान हा गुन्हेगारी इतिहास नाही. पण दारू पिऊन चालवताना पकडलं, कोर्टात उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हटलं आणि दंड भरला, तर कायद्याच्या भाषेत ती शिक्षाच झाली. केंद्राच्या २०२० च्या अ‍ॅग्रिगेटर (म्हणजे ओला-उबरसारख्या कंपन्यांसाठीच्या) मार्गदर्शक सूचनांत गेल्या तीन वर्षांत अशी शिक्षा झालेला चालक बसत नव्हता, आणि चोरी, फसवणूक, लैंगिक गुन्हे, मारहाण यांसारख्या दखलपात्र गुन्ह्यांत शिक्षा झालेलाही. म्हणून कोर्टात कबुली देण्याआधी वकिलाला विचारा. एका दिवसाची हजेरी वाचवायला दिलेली कबुली पुढची तीन वर्षं खाऊ शकते.

लॉकडाउनमधल्या कलम १८८ च्या, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या केसेस हा याचाच भाऊ. दूध आणायला बाहेर पडलेल्यांवरही तेव्हा गुन्हे नोंदले गेले. २०२२ मध्ये राज्य सरकारने असे खटले मागे घ्यायचं ठरवलं आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाला कोर्टाची संमती लागते. तुमच्या प्रकरणात ती मिळाली का, हे तुम्हालाच बघावं लागतं. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर न्यायालय, वर्ष आणि नाव टाकून शोधा, पैसे लागत नाहीत. केस ‘डिस्पोज्ड’ (निकाली) दिसली तरी तिथे थांबू नका. कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. पोलिसांनी ‘ब’ (तक्रार खोटी) किंवा ‘क’ (तक्रार ना खरी ना खोटी, गैरसमजातली) समरी अहवाल देऊन तपास बंद केला असेल, तर तो कोर्टाने मंजूर केल्याचा आदेश हवा. ‘साहेब म्हणाले केस बंद झाली’ याला कागद म्हणत नाहीत.

आरटीओबाहेर दोन हजारांत दोन दिवसांत प्रमाणपत्र देणारे भेटतील. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकावर बलात्काराचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा त्याचं चारित्र्य प्रमाणपत्रच बनावट असल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. ही तपासणी आज इतकी काटेकोर आहे त्यामागे ते प्रकरणही आहे. बनावट कागद खरा म्हणून वापरला की तोच नवा गुन्हा, आणि तो तुमच्या नावावर. एजंट तोवर दुसऱ्या आरटीओबाहेर टेबल टाकून बसलेला असतो.

आणि नावासारख्या नावाची केस निघाली तर? संतोष पवार नावाची माणसं एकेका तालुक्यात ढिगाने असतात आणि कंपनीची तपासणी करणाऱ्या संस्था कोर्टाच्या नोंदींत नाव जुळवतात. ‘मी तो नव्हे’ असं मेसेज बॉक्समध्ये दहा वेळा लिहून काही होत नाही. कंपनीकडून केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टातला केसचा ओळख क्रमांक मागा, सोळा अक्षरी-अंकी असतो. त्यावरून आरोपीच्या वडिलांचं नाव, वय आणि गाव काढा, शेजारी आपलं आधार लावा आणि दोन्हीतला फरक चार ओळींत लिहून पाठवा. सोबत पोलिसांचं प्रमाणपत्र जोडायचं, तेही पोर्टलवरून उतरवलेली मूळ पीडीएफ. टेबलावर ठेवून मोबाइलने काढलेला, अंगठ्याची सावली पडलेला फोटो पाठवू नका.