स्कॉटलंडचं स्वातंत्र्ययुद्ध वाचताना या चुका टाळा

आपल्याकडे ही गोष्ट बहुतेकदा इंग्लंडविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेसपासून सुरू होते आणि बॅनॉकबर्नच्या लढाईला संपते. वॉलेसच्या आधीचा राजा जॉन बॅलिअल गायबच. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ हेच आहे.

म्हणून सुरुवात १२८६ पासून करा. त्या मार्चमध्ये वादळी रात्री राजा तिसरा अलेक्झांडर किंगहॉर्नजवळ घोड्यावरून पडून मेला. चार वर्षांनी त्याची लहानगी नात मार्गारेट नॉर्वेहून येताना ऑर्कनीत वारली आणि गादीवर डझनभर लोकांनी हक्क सांगितला. निवाडा करायला इंग्लंडचा पहिला एडवर्ड आला, पण त्याने आधी स्वतःचं अधिपत्य कबूल करून घेतलं. १०४ पंचांपुढे वाद चालून १७ नोव्हेंबर १२९२ रोजी निकाल बॅलिअलच्या बाजूने लागला. त्याला ‘एडवर्डचं बाहुलं’ म्हणून मोकळं होऊ नका. तो राजघराण्यातल्या अर्ल डेव्हिडच्या थोरल्या मुलीच्या शाखेतला होता, निकाल वारसाहक्काला धरूनच होता. पुढे १२९५ मध्ये त्याच्याच नावाने फ्रान्सशी तह झाला. एडवर्डने १२९६ मध्ये स्वारी केली, बॅलिअलच्या अंगरख्यावरचं राजचिन्ह उसवून काढलं आणि ‘टूम टॅबार्ड’, म्हणजे रिकामा अंगरखा, हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

वॉलेस राजा नव्हता, राजा व्हायलाही लढत नव्हता. २९ मार्च १२९८ चं त्याचं एक दानपत्र आहे, डंडीच्या अलेक्झांडर स्क्रिमजरला जमीन दिल्याचं. त्यात तो स्वतःला राज्याचा रक्षक म्हणवतो, ‘राजा जॉन’च्या नावाने. तो राजा तेव्हा इंग्लंडच्या कैदेत होता! हा एक कागद वाचला की वॉलेस वेगळाच दिसू लागतो.

‘मांडलिक’ हा शब्द सरसकट वापरू नका. स्कॉटलंडच्या राजांच्या इंग्लंडमध्येही जमिनी होत्या आणि त्या जमिनींपुरते ते इंग्रज राजापुढे गुडघे टेकत. राज्यासाठी टेकायचे की नाही, हाच तर वाद. ११७४ मध्ये स्कॉटलंडचा राजा विल्यम द लायन इंग्रजांच्या हाती सापडला तेव्हा त्याला ते मान्य करावं लागलं; ११८९ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्डने १०,००० मार्क (तेव्हाचं पैशाचं एकक) घेऊन तो हक्क सोडला. त्यामुळे ‘शपथ घेतली’ असं वाचलंत की आधी विचारा, कशासाठी?

रॉबर्ट ब्रूस तीन आहेत. गोंधळ झाला तर साल बघा. १२९२ च्या वारसावादातला आजोबा, तो १२९५ मध्ये गेला. बाप १३०४ मध्ये गेला. डम्फ्रीजच्या चर्चमध्ये प्रतिस्पर्धी सरदार जॉन कॉमिनला मारून १३०६ मध्ये स्कोनला, म्हणजे स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाच्या जागी, राजा झाला तो नातू. हा नातू आधी एडवर्डच्या बाजूनेही होता, ते झाकू नका. कॉमिन मंडळी बॅलिअलची नातलग होती, म्हणजे हे घरातलंही युद्ध होतं.

किल्ट (पुरुषांचा चौकड्यांचा घागरा) चितारू नका, तो पोशाख बराच नंतरचा.

आणि १३१४ च्या बॅनॉकबर्नला पुस्तक मिटू नका. इंग्लंडने ब्रूसला राजा मानलं ते १३२८ मध्ये. १३२९ मध्ये ब्रूस वारला, गादीवर पाच वर्षांचा डेव्हिड आला. आणि १३३२ च्या सप्टेंबरात, त्याच स्कोनला, एडवर्ड बॅलिअलने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. जॉनचा मुलगा.