बॅचचं गेट-टुगेदर वहाळावर: दिवाळीच्या सुट्टीत वनराई बंधारा कसा बांधावा

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला की पहिला महिना नुसती धमाल असते. मग हळूहळू सुप्रभात, वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली एवढंच उरतं. आमच्या ग्रुपचंही तेच झालं होतं. त्यात पुन्हा जीव आला तो गावच्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर. वर्षातून दोनदा आम्ही तिथे भेटतो, आणि भेटावंच लागतं, कारण वनराई बंधारा एकाच हंगामापुरता असतो. दरवर्षी नव्याने बांधायचा, दरवर्षी काढायचा.

मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेचं नाव या बंधाऱ्याला मिळालं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची आणि वाहतं पाणी अडवायचं, इतकं हे साधं आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. उतार मोठा, जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे पाणी थांबतच नाही. अडवलेलं पाणी आसपास मुरतं, जवळच्या विहिरी थोड्या जास्त तग धरतात आणि गुरांना प्यायला पाणी राहतं.

वेळ दिवाळीचीच धरा. त्याआधी बांधलात तर परतीचा पाऊस बंधारा घेऊन जाईल, डिसेंबरवर ढकललंत तर अडवायला पाणीच उरणार नाही. शिवाय मुंबई-पुण्याची मंडळी तेव्हा गावी आलेलीच असतात.

जागा आणि परवानगी

गावात राहणाऱ्या दोघा-तिघांनी दसऱ्याच्या सुमारास वहाळ चालून पाहावा. पात्र अरुंद, दोन्ही काठ उंच आणि घट्ट, तळ कातळाचा किंवा कडक मुरमाचा, वरच्या अंगाला पात्र पसरट, अशी जागा उत्तम. सोबत गावातलं एखादं म्हातारं माणूस न्या. वहाळ कुठे काठ फोडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ग्रामपंचायतीला पत्र द्या, सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) जागा दाखवा. वनखात्याची जमीन असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नका. आणि खालच्या वाडीशी आधी बोला. त्यांचं पाणी तोडून आपलं पुण्य होत नाही.

गोण्यांचा हिशेब

पाच मीटर रुंद आणि एक मीटर उंच बंधाऱ्याला तळाशी दीड मीटर, माथ्यावर एक मीटर जाडी ठेवली तर अडीचशे ते तीनशे गोण्या लागतात. बांधकामाच्या साइटवर रिकाम्या गोण्या मिळतात. गणपतीपासूनच गोळा करायला लागा. त्या झटकून, वहाळापासून लांब धुऊन घ्या. सिमेंटचा अंश पाण्यात उतरला तर मासे मरतात.

जे येऊ शकत नाहीत त्यांनाही काम द्या, नुसते पैसे मागू नका. आमचा सगळा हिशेब दुबईतला मित्र ठेवतो. सुतळीच्या बंडलापर्यंत प्रत्येक खर्च रात्री ग्रुपवर येतो. वर्गात कधी फारसा न बोललेला हा मुलगा आता ग्रुपचा कणा आहे.

कामाचा दिवस

सकाळी सातला सुरुवात करा. पंचवीस-तीस माणसं असली तर संध्याकाळपर्यंत होतं. आधी तळातले सुटे दगड, गाळ, पालापाचोळा काढा. गोण्या सुट्या दगडांवर रचल्या तर पाणी खालूनच निघून जातं. भरण्यासाठी पात्रात साचलेली माती-वाळू घ्या, काठ खणू नका.

गोणी दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलेली गोणी दगडासारखी गोल राहते, शेजारणीला चिकटून बसत नाही. तोंड दाभणाने सुतळी घालून शिवा. हे काम आमच्याकडे बॅचमधल्या मुली करतात, म्हणजे आता पंचेचाळिशीच्या बायका. सावलीत गोल करून बसतात, दाभण सपासप चालतं आणि वीस वर्षांच्या गप्पा तिथेच निघतात. पहिल्या वर्षी आमच्या बाई पाहायला आल्या होत्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सरका गं जरा, मलाही एक दाभण द्या.”

भरलेली गोणी तीस-चाळीस किलोची होते, एकट्याने उचलू नका. रांग लावून हातोहात द्या. रचताना विटांसारखे सांधे चुकवा, दोन थरांमध्ये चिकणमाती दाबा, प्रत्येक थर पायांनी तुडवा. गोण्यांची टोकं दोन्ही काठांत थोडी आत शिरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मधला भाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी माथा सरळ ठेवला, दिसायला सुरेख. तिसऱ्या दिवशी पाणी डाव्या बाजूने वळलं, काठ कापला आणि एक कोपरा घसरून गेला. जास्तीचं पाणी मधूनच सांडलं पाहिजे, आणि ते पडतं तिथे मोठे दगड पसरले पाहिजेत. वहाळ पूर्ण कधीच कोंडू नका, खालच्या माशा-खेकड्यांनाही पाणी लागतं.

नंतरचे महिने

बंधाऱ्यामागे खुणा केलेली काठी रोवा. गावातला एकजण दर रविवारी तिचा फोटो टाकतो आणि जवळच्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजतो. या फोटोची वाट सगळे पाहतात. जानेवारीत पाणी दोन बोटं उतरलं तर कांदिवलीहून फोन येतो, “अरे, गळती लागली का? बघून ये ना.” मग कुणीतरी जाऊन चिकणमाती लिंपून येतं.

दुसरी भेट मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांत. मृग लागायच्या आत बंधारा काढायचा, नाहीतर पहिल्या पुरात गोण्यांच्या चिंध्या खाडीपर्यंत जातात. उन्हाने विरलेल्या गोण्या भंगारात द्या, धड असतील त्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवा. गेल्या मेमध्ये आमच्या एकशे दहा धड निघाल्या. उरलेल्या किती लागतील आणि कोण आणणार, याची यादी त्याच संध्याकाळी पडवीत आंबे कापता कापता झाली.