टाके सुकले, पण ठणका जात नाही? व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतर या चुका टाळा

‘व्हेरिकोसील’, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगणं, हा शब्द कित्येक पोरं पहिल्यांदा ऐकतात ते भरतीच्या मेडिकलला. तोवर काही दुखतही नसतं. बहुतेकदा त्रास डाव्या बाजूचा असतो. डाव्या अंडकोषाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे रक्त वर चढायला अडखळतं आणि खालच्या शिरा फुगतात. दुसरा मोठा गट मूल राहत नाही म्हणून तपासणीला गेलेल्यांचा, आणि तिसरा संध्याकाळ झाली की ओढल्यासारखं दुखणाऱ्यांचा. ऑपरेशन छोटं, घरी लवकर सोडतात. खरा घोळ त्यानंतर होतो, कारण कातडी, शिरा, मज्जातंतू आणि वीर्य प्रत्येकाला बरं व्हायला वेगळा वेळ लागतो आणि आपण सगळं टाक्यांवरून ठरवतो.

टाके सुकले की थेट ग्राउंडवर

भरतीवाल्यांची ही हमखास चूक. वरची कातडी आठ-दहा दिवसांत मिटते, आतल्या थरांना कित्येक आठवडे लागतात. पुढच्या तारखेची धास्ती असते हे कबूल, पण 1600 मीटर आणि गोळाफेक महिन्याच्या आत सुरू केली तर सूज परत येते आणि उलट जास्त दिवस वाया जातात.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. बैठ्या कामावर बरेच जण आठवड्याभरात जातात. भरलेली बादली, सिलिंडर, धान्याचं पोतं यांना किमान दोन ते चार आठवडे हात लावायचा नाही. मग हलकं धावणं आणि सगळ्यात शेवटी स्क्वॉट, डेडलिफ्ट. साधी कसोटी ही की आज जे केलं त्याने दुसऱ्या दिवशी सूज किंवा ठणका वाढला, तर एक पायरी मागे या. शरीरसंबंध, बाइक आणि धावणं या तिन्हींची तारीख सर्जनलाच विचारा, आणि डिस्चार्ज कार्डवर कुठलं ऑपरेशन झालं ते वाचून ठेवा. दुर्बिणीतून, जांघेतल्या छोट्या छेदातून मायक्रोस्कोपखाली, की कॅथेटरने (बारीक नळीने) शीर आतून बंद करून, यावर दिवस बदलतात. मित्र चौथ्या दिवशी बाइकवर होता, याला काही अर्थ नाही. आपल्याकडच्या खड्ड्यांत तर अजिबात नाही.

ढगळ चड्डी, उघडा बर्फ, हळदीचा लेप

‘हवा लागू दे’ म्हणून लुंगीवर राहणारे जास्त दुखवून घेतात. अंडकोष लोंबता राहिला की सूज खाली साठते. पहिले दोन-तीन आठवडे अंगाला नीट बसणारी ब्रीफ किंवा सपोर्टर घाला. लंगोटाची सवय असेल तर त्याची पट्टी जखमेवर येते, म्हणून तो थोडे दिवस बाजूला. बर्फ पहिले एक-दोन दिवसच, तोही कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. कमरेतून भूल दिली असेल तर बधिरपणा जाईपर्यंत थांबा, नाहीतर कातडी भाजली तरी कळत नाही. जखमेवर हळद, तेल, मलम मनाने लावू नका. जखम पूर्ण मिटेपर्यंत पोहणं आणि टबात बसणंही नको.

बद्धकोष्ठ आणि दुहेरी गोळ्या

संडासला जोर लावला की पोटातला दाब थेट त्याच शिरांवर येतो. त्यामुळे पाणी, पालेभाजी, लागलं तर रात्री इसबगोल. काही वेदनाशामक गोळ्यांनीच पोट बांधतं. आणखी एक, मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या अनेक ‘दुखण्याच्या गोळ्यां’त एसिक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल आधीच असतं. वरून ताप-अंगदुखीची गोळी घेतली की पॅरासिटामॉलचा डोस दुप्पट होतो. पाकिटामागचं नाव वाचा.

रोज हाताने चाचपणं

शिरा अजून हाताला लागतात म्हणून ऑपरेशन फसलं, असं ठरवून टाकणारे खूप. बांधलेल्या शिरा गायब होत नाहीत. त्यांत रक्त गोठतं, त्या टणक लागतात आणि हळूहळू आक्रसतात, याला काही महिने लागू शकतात. रोज दाबून पाहिलं तर दाबल्यामुळेच दुखतं. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी साधारण तीन महिन्यांनी, उभं राहून आणि जोर लावून केलेली असावी. झोपवून केलेल्या रिपोर्टवर भांडू नका.

ठणका टिकला तर सगळ्याला एकच नाव देणं

दुखतं कसं, हे नीट सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं. दिवसभर उभं राहिल्यावर जड वाटतं आणि आडवं झाल्यावर उतरतं, तर शिरा उरल्यात किंवा परत फुगल्यात का ते बघावं लागतं. मायक्रोस्कोपखाली केलेल्या ऑपरेशनमध्ये हे कमी होतं, बाकी पद्धतींत जास्त. वेदना नाही पण एका बाजूला पाण्याच्या फुग्यासारखी सूज वाढतेय, तर हायड्रोसील, म्हणजे अंडकोषाभोवती साठलेलं पाणी, असू शकतं. मांडीच्या आतल्या बाजूला जळजळ, मुंग्या, करंट बसल्यासारखी कळ म्हणजे बहुधा मज्जातंतू दुखावलाय. अशी कळ साध्या गोळ्यांनी हटत नाही, तिची औषधं वेगळी असतात आणि गरज पडली तर त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन देतात. लघवीला जळजळ आणि ताप असेल तर संसर्ग. कमरेतून जांघेकडे येणारी कळ असेल तर मुतखडा किंवा मणका.

बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनने कमी होतं, सगळ्यांचं नाही. मूळ दुखणं शिरांचं नव्हतंच, हे कधीकधी ऑपरेशननंतरच कळतं. म्हणून एका सर्जनकडून दुसऱ्याकडे ‘परत करा’ म्हणत फिरण्याआधी कधी, कुठे, काय केल्यावर दुखतं हे दोन आठवडे लिहून काढा आणि तो कागद युरोलॉजिस्टला दाखवा.

तीन आठवड्यांत वीर्य तपासणी

घरच्यांचा तगादा कितीही असो, घाई करून रिपोर्ट काढू नका. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात. पहिली तपासणी तीन महिन्यांनी, त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन न करता. सुधारणा सहा महिन्यांपर्यंत दिसत राहते, पुढेही. तेवढ्यात बायकोची तपासणी राहिली असेल तर ती करून घ्या. बऱ्याच घरांत हे नेमकं उलट्या क्रमाने होतं, तिच्या सगळ्या चाचण्या झाल्यावर नवऱ्याची आठवण येते.

लाजून थांबणं

थोडं काळं-निळं पडणं चालतं. पण काळेपणासोबत सूज तासागणिक वाढतेय, जखमेतून पू येतोय, ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेलाय, लघवी अडकलीय, पोटरी सुजून दुखतेय किंवा धाप लागतेय, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि ऑपरेशन होऊन कितीही काळ लोटला असो, अंडकोषात अचानक असह्य कळ येऊन उलटीसारखं होत असेल तर पीळ पडलेला असू शकतो. अंडकोष वाचवायला हातात साधारण सहाच तास असतात, त्यामुळे सकाळच्या ओपीडीची वाट न बघता रात्रीच इमर्जन्सी गाठा.