गीत लिहायला बसताना

कविता वाचणारा अडला तर मागची ओळ पुन्हा वाचू शकतो. गाणे ऐकणाऱ्याला ती सवलत नसते. शब्द एकदाच कानावरून जातात आणि तेवढ्यातच त्यांचा अर्थ पोहोचावा लागतो, म्हणून गीत हे कागदासाठी नव्हे, तर कानासाठी आणि गाणाऱ्याच्या श्वासासाठी लिहायचे असते. गीतकार शब्द देतो, संगीतकार चाल बांधतो, संगीत संयोजक वाद्यमेळ ठरवतो आणि गायक या सगळ्याला आवाज देतो. मात्र गाण्यात कोण बोलत आहे, कोणाशी आणि कशासाठी, हे पहिल्यांदा ठरवणारा गीतकारच असतो.

मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीने आमच्या कोल्हापुरातच तयार केला, आणि बोलपटाबरोबर पडद्यावरचे गाणेही आले. इथे लिहू पाहणाऱ्याने जगदीश खेबुडकरांची गाणी अभ्यासाच्या दृष्टीने जरूर ऐकावीत. जवळच्या हळदी गावी १९३२ साली जन्मलेल्या आणि शिक्षकी पेशात राहिलेल्या या गीतकाराने लावणी, भावगीत आणि भक्तिगीत असे सर्व प्रकार लिहिले, आणि प्रत्येक प्रकारात गाणाऱ्या पात्राची भाषा निराळी ठेवली. माझ्या मते नव्या गीतकाराने सर्वांत आधी शिकावे ते हेच.

विषय निवडताना ‘प्रेम’, ‘निसर्ग’ असे मोठे शब्द न घेता डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट घ्यावी. उदाहरणादाखल आपण गुऱ्हाळ घेऊ. ऊस गाळून काढलेला रस चुलवाणावरच्या काहिलीत उकळतो, वर येणारी मळी काढली जाते आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या नजरेने ठरवतो. एवढे साहित्य एका गीताला पुरेसे आहे. लिहिण्यापूर्वी ‘या गाण्यात मला काय सांगायचे आहे’ याचे एक साधे गद्य वाक्य वहीत लिहावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर विषय अजून पिकलेला नाही असे समजावे.

यानंतर मुखडा, म्हणजेच ध्रुवपद. ते प्रत्येक अंतऱ्यानंतर, म्हणजे कडव्यानंतर, परत येत असल्यामुळे सर्वाधिक वेळ त्यावरच द्यावा. ठेका आधी ठरवावा: केरवा तालाच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा, रूपकाच्या सात. ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घ अक्षराची दोन मात्रा धरून, टाळी देत ओळ मोजावी. केरव्यासाठी मी प्रथम अशी ओळ लिहिली: ‘चुलवाणावर काहिल तापे, वास गुळाचा अंगण व्यापे’. दोन्ही चरणांत सोळा-सोळा मात्रा भरतात आणि यमकही जुळते. ‘काहील’ असे दीर्घ लिहिले असते तर एक मात्रा वाढली असती, म्हणून गाण्यापुरते ते ऱ्हस्व केले. एवढी मोकळीक पद्यात पूर्वीपासून घेतली जाते. तरीही ही ओळ मला ठेवावीशी वाटली नाही, कारण गुऱ्हाळावरचा कोणताही माणूस ‘व्यापे’ म्हणणार नाही. तो शब्द केवळ यमकासाठी आलेला आहे.

मग चरण फिरवला: ‘काहिल तापे चुलवाणावर, वास गुळाचा बघ वाऱ्यावर’. मात्रा पुन्हा सोळाच. ‘बघ’ हा शब्द भरीचा वाटेल, परंतु तो वाटतो तेवढा निरुपयोगी नाही. त्या एका शब्दाने गाण्यात ऐकणारे माणूस उभे राहते, शिवाय या चरणातल्या दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा, नेमकी त्याच शब्दावर येते. या ओळीची एक अडचणही आहे. चरणाच्या शेवटी संगीतकाराला स्वर लांबवायचा असेल, तर ‘तापे’मधला एकार जसा धरून ठेवता येतो तसा ‘वर’ धरता येत नाही. अशा वेळी हट्ट न धरता चालीची गरज विचारावी आणि मग कोणती ओळ ठेवायची ते ठरवावे.

अंतऱ्याने मुखड्यातलीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगू नये. त्याने एक पाऊल पुढे टाकावे. मुखड्यात वास आला, तर अंतऱ्यात गुळव्या यावा, त्याच्याभोवती रंगलेल्या गप्पा याव्यात, आणि शेवटची ओळ ध्रुवपदाच्या यमकाकडे वळावी: ‘त्याचा डोळा पण पाकावर’. इथे सगळा भार ‘पण’ या दोन अक्षरांवर आहे. दोन किंवा तीन अंतरे पुरेत.

पुष्कळदा चाल आधी तयार असते आणि शब्द नंतर मागितले जातात. अशा वेळी चाल अनेकदा ऐकून, निरर्थक अक्षरे घालून ती गुणगुणावी, कोठे श्वास घ्यावा लागतो त्या जागांवर खूण करावी आणि शब्द मध्येच तुटणार नाही अशा बेताने ओळ बसवावी. गीत पूर्ण झाल्यावर ते कागद न दाखवता कोणाला तरी गाऊन किंवा म्हणून दाखवावे. ऐकणाऱ्याने ‘काय म्हणालात?’ असे जेथे विचारले, ती जागा समजावून न सांगता दुरुस्त करावी.

राहिला हक्काचा प्रश्न. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, आणि शब्दांवरचा हक्क गीतकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकारांचा रॉयल्टीतील वाटाही सुरक्षित केला. एका उत्सवासाठी मी लिहिलेले गीत ध्वनिमुद्रित झाले तेव्हा त्यावर माझे नाव नव्हते, आणि आमच्यात लेखी काहीच ठरलेले नसल्यामुळे मला ते मागताही आले नाही; त्याचे वाईट आजही वाटते. म्हणून गीत कोणाच्याही हाती देण्यापूर्वी पूर्ण मजकूर स्वतःच्या नावासह आणि तारखेसह ईमेलने पाठवावा, आणि श्रेयनामावलीत नाव कसे छापले जाईल व मानधन किती मिळेल, याचे उत्तर त्याच ईमेलवर लेखी मागून घ्यावे.