लक्ष्यगट ठरवताना या चुका टाळा

लक्ष्यगट म्हणजे ज्या लोकांची सवय बदलावी म्हणून मोहीम करायची, ते लोक. जनजागृती मोहिमेच्या आराखड्यात ‘लक्ष्यगट : सर्वसामान्य जनता’ असं लिहिलेलं दिसलं की मला काळजी वाटते. सगळ्यांसाठी केलेला संदेश कुणालाच आपला वाटत नाही.

त्याहून जास्त आढळणारी चूक म्हणजे वय, लिंग, शिक्षण एवढ्यावरच गट पाडणं. एकाच कारखान्यातले, एकाच वयाचे, एकाच पगाराचे दोन कामगार घ्या. दोघंही सिगारेट ओढतात. एकाने तीनदा सोडून पाहिली. दर वेळी जेवणाच्या सुट्टीत मित्राने पाकीट पुढे केलं आणि निश्चय मोडला. दुसऱ्याच्या मनात सोडायचा विचारही आलेला नाही. आपल्या तक्त्यात मात्र दोघं एकाच रकान्यात! कॅन्सरचं पोस्टर पहिल्याला नवं काय सांगणार? त्याला सुट्टीतली ती दहा मिनिटं कशी काढायची, हे हवंय. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाचे असेच टप्पे दाखवले : विचारही नसण्यापासून ते केलेला बदल टिकवण्यापर्यंत. म्हणून आधी विचारा, माणूस कुठल्या टप्प्यावर आहे आणि त्याचं नेमकं कुठे अडतंय?

टेक्ससमध्ये रस्त्यावरचा कचरा कमी करायचा होता, तेव्हा मुख्यतः तरुण पुरुष कचरा टाकतात हे पाहणीत दिसलं. स्वच्छतेचं आवाहन त्यांना भिडणारं नव्हतं, राज्याचा अभिमान भिडणारा होता. 1986 ची पहिली जाहिरात त्यांच्या आवडत्या गिटारवादकाला, स्टीव्ही रे वॉनला घेऊन केली. गट कळला, म्हणून सांगणारा माणूसही बदलला.

उलट टोकाला जाऊन बारा-पंधरा गट पाडू नका. दोन गटांसाठी आपल्याला करायचं काम सारखंच असेल, तर ते एकच आहेत.

गटाला नाव देतानाही जपा. ‘बेफिकीर’ असं नाव दिलंत की पत्रकाची भाषा आपोआप दटावणीची होते. ‘वेळ न मिळणारे’ म्हटलंत तर तुम्ही आरोग्य केंद्राची वेळ बदलायचा विचार कराल.

मोहीम सुरू आहे, पण प्रतिसाद नाही? लगेच नवं पोस्टर छापू नका. त्याच गटातले, सवय बदललेले काही आणि न बदललेले काही, असे लोक गाठा. दोघांनाही तेच विचारा : हे करणं कशामुळे सोपं जातं, कशामुळे अवघड, घरातून कुणाचा विरोध होतो? जिथे उत्तरं वेगळी पडतात, तिथून गट पुन्हा पाडायला घ्या.